मैदानाचं आरक्षण उठवायला गल्लीचं बहुमत पुरेसं आहे का?

भूमापक (धागाकर्ता)

कोल्हापूर महापालिकेत पाच वर्षांनी सभागृह आलंय. आधीच्या सभागृहाची मुदत नोव्हेंबर २०२० मध्ये संपली, त्यानंतर जानेवारी २०२६ च्या निवडणुकीपर्यंत प्रशासक. आता नगरसेवक आले म्हणजे विकास आराखड्यातली आरक्षणं बदलणारे कलम ३७ चे ठरावही येणार, म्हणून हा धागा.

एक नमुना घेऊ. उपनगरात एक हेक्टरचा भूखंड, विकास आराखड्यात क्रीडांगणाचं आरक्षण. मालकाला ते नको आहे, हे समजण्यासारखं आहे. पण शेजारच्या दोनशे घरांनाही नको आहे. मैदान म्हणजे धूळ, बॉल, रात्रीच्या गाड्या, मंडळांचे स्पीकर. त्यापेक्षा बंगल्यांचे प्लॉट पडलेले बरे. दोनशे घरांच्या सह्या गोळा होतात, नगरसेवक ठराव मांडतो. मैदान ज्यांना हवंय ती पोरं सहा गल्ल्या पलीकडं राहतात, दुसऱ्या प्रभागात. त्यातल्या बहुतेकांना मतदानाचं वयही नाही.

सभागृह लोकांनी निवडलंय, सह्या खऱ्या आहेत, मालकावर अन्यायही होतोय. तरी ठराव चुकीचा आहे असं म्हणायचं, तर कशाच्या आधारावर? कलमं आणि आकडे घेऊन बोला. "राजकारणी सगळे तसलेच" हे दुसऱ्या धाग्यावर.

नकाशावाला

आधी कलम ३७ नेमकं काय सांगतं ते बघू. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६. मंजूर आराखड्यात किरकोळ फेरबदल करता येतो, अट एकच: आराखड्याचं मूळ स्वरूप बदलता कामा नये. क्रम असा. महासभेचा ठराव, मग राजपत्रात सूचना, एक महिन्यात हरकती व सूचना, बाधितांना स्वतंत्र नोटीस, सुनावणी, आणि मग प्रस्ताव शासनाकडे मंजुरीला. म्हणजे महासभा फक्त सुरुवात करते, शेवटची सही मंत्रालयात होते.

गोची दोन ठिकाणी आहे.

पहिली "मूळ स्वरूप" या शब्दांत. एक मैदान उठवलं तर शहराच्या आराखड्याचं स्वरूप बदलतं का? एकटं बघितलं तर नाही. पण अशी वीस उठवली तर? प्रत्येक फाईल स्वतंत्र चालते, प्रत्येकीवर "किरकोळ" लिहिलेलं असतं, आणि बेरीज करायचं काम कुणाच्याच टेबलावर नसतं. ठरावासोबत एक ताळेबंद जोडायची सक्ती व्हायला हवी: या प्रभागात मंजूर आराखड्यात मोकळ्या जागेची आरक्षणं किती चौरस मीटर, ताब्यात आली किती, आजवर वगळली किती, हे वगळल्यावर उरतात किती. चार ओळींचा तक्ता आहे, नगररचना विभागातला कुणीही एका दुपारी करील.

दुसरी गोची "बाधित" या शब्दात. हरकत कुणीही घेऊ शकतो, पण घरपोच नोटीस बाधितांना. व्यवहारात बाधित म्हणजे मालक आणि फार तर लगतचे भूखंडधारक. म्हणजे ज्यांना मैदान नको तेवढ्यांच्याच दारात कागद जातो. सहा गल्ल्या पलीकडच्यांनी राजपत्र वाचायचं!

तालमीतला

लगत राहणारे तक्रार करणार, लांबचे खेळायला येणार. हे असंच असतंय बघा. गाडीतळ, स्मशान, कचरा हस्तांतरण केंद्र, मैदान, सगळ्याला हाच नियम. गावाला पाहिजे, आमच्या दारात नको.

एक गोष्ट मात्र मांडतो. असल्या भांडणात शेवटी कुणीतरी शहाणा म्हणतो, "निम्मं ठेवूया, निम्मं सोडूया." मोठ्या फुटबॉल मैदानाचं माप १०५ बाय ६८ मीटर, म्हणजे ७,१४० चौ.मी. एक हेक्टरात ते बसतंय, कडेनं झाडं आणि पायऱ्याही होतात. निम्मं म्हणजे ५,०००, समजा १०० बाय ५०. नियमातलं किमान माप ९० बाय ४५, ते कागदावर बसतंय. पण बाजूला राहिले अडीच मीटर आणि लगेच बंगल्यांची भिंत. पहिल्याच महिन्यात काचा फुटणार, दुसऱ्या महिन्यात गेटला कुलूप, वर्षभरात तिथं "ज्येष्ठ नागरिक उद्यान" अशी पाटी. तडजोड दिसायला लोकशाहीची, पण मैदान गेलं ते गेलंच. फुटबॉलसाठी जीव टाकणाऱ्या गावात ही गत.

सातबारा

मालकाच्या बाजूनं कुणीतरी बोलायला हवं, म्हणून मी बोलतो.

शहराला मोकळी जागा हवी, हा आदर्श सगळ्यांचा. त्याची किंमत मात्र एकाच्या सातबाऱ्यावर. शेजारच्यानं प्लॉट पाडले, विकले, तो मोकळा झाला. याच्या जमिनीवर नकाशात हिरवा रंग पडला म्हणून हा वीस-पंचवीस वर्षं तसाच. कर्ज मिळत नाही, बांधता येत नाही, विकायला गेला तर भाव पडतो. दोन भावांच्या गटांमधून रेघ गेली की एक श्रीमंत आणि दुसरा अर्जदार.

म्हणूनच कायद्यात कलम १२७ आहे. आराखडा अमलात आल्यापासून दहा वर्षांत जमीन संपादित झाली नाही, तर मालक मालकीहक्काच्या कागदांसह खरेदी सूचना देऊ शकतो. ती मिळाल्यापासून २४ महिन्यांत महापालिकेनं जमीन घेतली नाही किंवा संपादनाचं पाऊल उचललं नाही, तर आरक्षण व्यपगत, म्हणजे आपोआप रद्द. ही मुदत आधी सहा महिने होती, मग बारा, आणि २०१५ च्या दुरुस्तीनं चोवीस.

"पाऊल" म्हणजे काय, हे सर्वोच्च न्यायालयानं २००७ मध्ये गिरनार ट्रेडर्स प्रकरणात स्पष्ट केलं. जिल्हाधिकाऱ्यांना पत्र धाडलं, महासभेनं ठराव केला, एवढ्यानं भागत नाही. संपादनाच्या घोषणेपर्यंत नेणारी खरी कारवाई हवी. महापालिका इथंच हरते. खरेदी सूचना आवक विभागात येते, तिथून इस्टेट, तिथून नगररचना, तिथून लेखा विभाग, "तरतूद उपलब्ध नाही" असा शेरा, आणि चोवीस महिने संपतात. आता मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापुरातच आहे. व्यपगत झाल्याचं जाहीर करून घ्यायला मुंबईची वारी नको. अशा याचिका वाढतील, लिहून ठेवा.

तेव्हा सभागृहाला दोष देण्याआधी बघा. ठराव करून आरक्षण उठवलं तर निदान चर्चा होते. न उठवता नुसतं झोपून राहिलं, तर तेच आरक्षण कलम १२७ नं आपोआप जातं आणि कुणालाच उत्तर द्यावं लागत नाही.

भूमापक

शेवटचा मुद्दा नेमका आहे. पैशाचा हिशेबही मांडून ठेवतो. समजा रेडी रेकनर (जमिनीचा सरकारी दर) १०,००० रुपये चौ.मी. एक हेक्टर म्हणजे १० कोटी. २०१३ च्या भूसंपादन कायद्यानं त्यावर शंभर टक्के दिलासा रक्कम, झाले २० कोटी. शिवाय अधिसूचनेपासून निवाड्यापर्यंत बाजारमूल्यावर दरसाल १२ टक्के. हे एका मैदानाचं. राष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वं माणशी १० ते १२ चौ.मी. मोकळी जागा सांगतात. २०११ च्या जनगणनेत शहर ५,४९,२३६. दहानं गुणा: साधारण ५४९ हेक्टर, म्हणजे ६६.८२ चौ.किमी. शहराचा आठ टक्के भाग. रोखीनं हे होणारच नाही.

गुळाचा खडा

म्हणून टीडीआर आहे की, जमिनीच्या बदल्यात मिळणारा, दुसरीकडं वापरता किंवा विकता येणारा बांधकामाचा हक्क. रोख देऊ नका, हक्क द्या. दाट वस्तीबाहेर जमिनीच्या दुप्पट, दाट वस्तीत तिप्पट.

नकाशावाला

कागदावर छान आहे. एक हेक्टराला २०,००० चौ.मी. टीडीआर. पण तो उतरवायचा कुठं? जिथं वापरायचा त्या भूखंडापुढचा रस्ता पुरेसा रुंद हवा, नियमावलीत रुंदीप्रमाणे मर्यादा आहेत. जुन्या पेठांत नऊ मीटरचा रस्ता शोधायला टेप घेऊन फिरावं लागतं. दुसरं, वापरताना रेडी रेकनरचं गुणोत्तर लागतं. जमीन सुटली तिथला दर ६,००० आणि वापरायची तिथला १८,००० असेल, तर ३०० चौ.मी. चे १०० होतात. बिल्डर हे गणित मालकाच्या आधी करतो आणि त्याप्रमाणे भाव पाडून मागतो. शिवाय प्रीमियम भरून जादा चटईक्षेत्र शासनाकडूनच मिळतं, मग टीडीआर कोण कशाला घेईल? एका हातानं हुंडी द्यायची आणि दुसऱ्या हातानं तोच माल स्वस्तात विकायचा.

यापेक्षा नगररचना परियोजना बरी. १९१५ पासून मुंबई इलाख्यात कायदा आहे, नवीन काही नाही. पूर्ण पट्ट्यातल्या सगळ्या जमिनी एकत्र करायच्या, प्रत्येकाकडून ठरलेला हिस्सा रस्ते-मैदान-शाळांसाठी काढायचा, आणि उरलेल्याचे चौरस-चौकोनी अंतिम भूखंड परत द्यायचे. सातबारांचं दुखणं, म्हणजे एकाचंच सगळं जाणं, इथं वाटून जातं. अडचण वेळेची. लवादाकडं प्रत्येक भूखंडाची सुनावणी, आणि मोजणी जुळत नाही तोवर सगळं अडकतं. गटाचं क्षेत्र सातबाऱ्यावर एक, जाग्यावर दुसरं, हे आपल्याकडं नेहमीचं.

रंकाळवेस

मला मूळ प्रश्नाचं दुसरं टोक धरायचंय. चांगलं नियोजन बहुमतानं झालंय कधी? शाहूपुरी १८९५ ची, जयसिंगपूर १९१७ चं. सरळ रस्ते, काटकोनी चौक, बाजारपेठेला जागा राखलेली. त्यानंतरची राजारामपुरी, जिथं आजही पत्ता गल्लीच्या नंबरानं सांगतात. सगळं दरबारच्या हुकमानं. शाहू महाराजांचा १९०२ चा, मागासवर्गीयांना नोकरीत पन्नास टक्के जागा देणारा हुकूमही मतदानाला टाकला असता तर पास झाला असता का?

सातबारा

नसता झाला. पण रंकाळवेस, ती उदाहरणं मोकळ्या रानावर वसवलेल्या पेठांची आहेत. लोक राहत असलेल्या वस्तीवर हुकूम चालवणं वेगळं. आणि शाहू महाराज एकदाच मिळतात, प्रशासक दर तीन वर्षांनी बदलतो. मधली पाच वर्षं त्या त्या वेळच्या एकट्या प्रशासकाकडं महासभा, स्थायी समिती आणि आयुक्त असं सगळं होतं. आदर्श राबवायला याहून मोकळं रान मिळणार नाही. किती मैदानं ताब्यात आली?

तालमीतला

आणि भांडायला दारात कोण? नगरसेवक निदान चहाच्या टपरीवर सापडतोय.

पंचगंगाकाठ

मैदानावरून थोडं पाण्याकडं येतो, कारण बहुमताचा खरा घोळ तिथं आहे.

पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्यावर इशारा पातळी ३९ फूट, धोका ४३ फूट. २०१९ ला पाणी ५५ फुटांच्या वर गेलं, २०२१ ला ५६ च्या वर. निळी रेषा साधारण २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा १०० वर्षांतल्या पुराची. नदीपासून निळ्या रेषेपर्यंत नवं बांधकाम बंद, फक्त बाग, मैदान, ओट्यांची मंडई, स्मशानभूमी असलं चालतं. निळ्या आणि लाल रेषेच्या मध्ये बांधता येतं, पण लाल रेषेच्या पातळीपेक्षा ४५ सेंमी उंचीवर.

आता ही उंची गाठायची कशी? नियमाचा हेतू खांबांवर घर असा धरता येतो, खाली पाणी वाहू दे. प्रत्यक्षात स्वस्त उपाय म्हणजे भराव. २,००० चौ.मी. चा प्लॉट दोन मीटर भरला की ४,००० घनमीटर, म्हणजे सुमारे १,४०० ब्रास मुरूम. चार ब्रासचा डंपर धरला तर साडेतीनशे खेपा. तेवढी म्हणजे ४० लाख लिटर पाण्याची जागा गेली. एका प्लॉटनं नदीला काही फरक पडत नाही हे खरं. पण असे पन्नास झाले की दोन लाख घनमीटर, आणि भराव नाल्याच्या तोंडाशी असेल तर बघायलाच नको. नदी फुगली की जयंती नाल्यातून पाणी उलटं आत येतं. त्या फुगवट्याला पसरायला जागा नाही, मग ते सखल गल्ल्यांत चढतं. सुतारवाडा दर मोठ्या पुरात सगळ्यात आधी हलवावा लागतो. शाहूपुरी कुंभार गल्ली, बापट कॅम्प इथं ऐन गणपतीच्या तोंडावर मूर्ती पाण्यात जातात.

यात बेकायदा कुणीच नाही. भराव टाकणाऱ्याकडं परवानगी आहे, तो मतदार आहे, तसे पाच हजार मतदार आहेत. कुंभार शंभर घरं. मतांच्या हिशेबात पूररेषा मागं सरकवण्याची मागणी नेहमी जिंकणार. म्हणून पूररेषा हा मतदानाचा विषयच नाही, तो पाण्याच्या मोजमापाचा विषय आहे. मतदान करायचं तर ते नुकसानभरपाईवर आणि पुनर्वसन कुठं करायचं यावर करा. कुंभाराला शहराबाहेर दहा किलोमीटरवर घर दिलं तर भट्टी, माती आणि गिऱ्हाईक तिन्ही तुटतात, आणि तो परत येतो. मग अधिकारी म्हणतात लोक ऐकत नाहीत.

गुळाचा खडा

पण "हा विषय मतदानाचा नाही" हे म्हणणारा तज्ज्ञ प्रत्येक वेळी बरोबर असतो का? कोल्हापूरचा टोल आठवा. ४९.४९ किमी रस्ते, २२० कोटी, बीओटी (कंपनीनं बांधायचं, टोल वसूल करायचा, मग परत द्यायचं), तीस वर्षं टोल. तज्ज्ञांना पटलेलं, निवडलेल्या सभागृहानं मान्य केलेलं, करार रीतसर. एन. डी. पाटील, गोविंद पानसरे रस्त्यावर, त्यांच्यामागं अख्खं गाव, आणि शेवटी टोल रद्द.

भूमापक

ते उदाहरण दोन्हीकडं कापतं. तिथं लोकशाही दोनदा बोलली आणि दोन वेगळी उत्तरं दिली, सभागृह "हो", रस्ता "नाही". कारण करार झाला तेव्हा टोलचे दर, मुदत, कंपनीला द्यायचा टेंबलाईवाडीचा भूखंड, रस्त्याखालच्या वाहिन्या कोण हलवणार, हे सामान्य माणसापुढं सोप्या मराठीत आलंच नाही. आलं ते नाक्यावर, पावतीच्या रूपात. नंतर कंपनीला भरपाई द्यावी लागली, ती सरकारी तिजोरीतून. उशिरा ऐकण्याची किंमत असते, आणि ती टोल न भरणाराही भरतो.

रंकाळवेस

हद्दवाढ राहिली. १९७२ ला महापालिका झाली, तेव्हापासून हद्द तीच. शहर म्हणतं केएमटी (शहर बससेवा) आमची, पाणी आमचं, बाजार आमचा, घरफाळा मात्र आम्हीच भरायचा. गावं म्हणतात आमच्या शेतावर तुमची आरक्षणं नकोत. ग्रामसभेचा ठरावही लोकशाही आणि महासभेचाही.

नकाशावाला

कायद्यानं बघितलं तर शासन महापालिकेशी विचारविनिमय करून, आधी मसुदा प्रसिद्ध करून हद्द बदलू शकतं. ग्रामसभेचा ठराव हरकतीत मोजला जातो, नकाराधिकार नाही. पण गाव बंद पडलं की मसुदाही बंद. २०१७ ला मधला मार्ग म्हणून ४२ गावांचं प्राधिकरण आलं. प्राधिकरणाला नियोजनाचे अधिकार आहेत, पण थेट निवडून दिलेलं सभागृह नाही. म्हणजे नको असलेला निर्णय टाळायला लोकशाहीच बाजूला ठेवली. गावकऱ्यांना परवानगीसाठी कचेरी मिळाली, जाब विचारायला माणूस नाही.

जाता जाता एक. राज्याच्या एकात्मिक बांधकाम नियमावलीत मोठ्या अभिन्यासात (लेआउटमध्ये) २० टक्के जागा छोट्या घरांना ठेवायची अट आहे, पण ती दहा लाखांवरच्या महापालिकांना. कोल्हापूर त्यात बसत नाही. सामाजिक आदर्श लोकसंख्येची मर्यादा बघून लागू होतो, हे बाकी मस्त.

फेरीवाल्यांचा मित्र

२०१४ चा फेरीवाला कायदा विसरू नका. नगर पथविक्रेता समितीत ४० टक्के जागा फेरीवाल्यांच्या, त्यांच्यातूनच निवडून आलेल्या, त्यातल्या एक तृतीयांश महिलांच्या. सर्वेक्षण होईपर्यंत कुणाला उठवता येत नाही. कमाल मर्यादा लोकसंख्येच्या अडीच टक्के, २०११ च्या आकड्यानं १३,७०० च्या आसपास. ज्यांच्यावर निर्णय कोसळतो त्यांनाच राखीव मत, ही कल्पना मैदानाला का लावू नये?

भूमापक

चांगला धागा सापडला. आराखडा नव्यानं होतो तेव्हा कलम २८ ची नियोजन समिती हरकती ऐकते: स्थायी समितीचे तीन सदस्य आणि बाहेरचे जास्तीत जास्त चार जाणकार. तीन मतांचं राजकारण, चार जाणकारीची मतं, रचना वाईट नाही. पण तिथं ऐकलं जातं ते ज्यानं नीट लिहिलंय त्याचंच. म्हणून हरकत कशी लिहायची, हे सांगून ठेवतो.

भाग नकाशा आणि झोन दाखला आधी काढा. अर्जात आरक्षण क्रमांक, पेठ किंवा वॉर्ड, सिटी सर्व्हे नंबर (सि.स.नं.) अथवा गट नंबर, क्षेत्र चौ.मी. मध्ये, आणि मागणी एका वाक्यात: कायम ठेवा, हलवा, किंवा कमी करा. हलवा म्हटलं तर कुठं, त्याचाही नंबर द्या. "आमच्या भागावर अन्याय होतो" यावर कुणाला निर्णय देता येत नाही. एकाच मजकुराच्या चारशे झेरॉक्स देऊ नका. अहवालात त्या एकाच ओळीत "समान स्वरूपाच्या हरकती" म्हणून जातात. त्यापेक्षा दहा वेगळे मुद्दे, दहा वेगळे अर्ज. सुनावणीला मिनिटं मोजून मिळतात, तेव्हा नकाशावर शिसपेन्सिलनं अंतर मोजून न्या. शाळेपासून मैदान ४०० मीटर की १,४००, हे दाखवलं की समिती मान वर करते. आवक क्रमांकाचा शिक्का आपल्या प्रतीवर घ्याच.

तालमीतला

हरकती सगळ्या "नको"च्याच असतात. "मैदान पाहिजेच" अशी हरकत घेता येते का?

नकाशावाला

येते. कायद्यात "हरकती व सूचना" आहे, दोन्ही चालतात. कलम ३७ च्या एका महिन्यातही.

तालमीतला

आणि पोरांनी सही केली तर? सोळा-सतरा वर्षांची?

नकाशावाला

कलम २८ मध्ये आणि ३७ मध्येही शब्द "कोणतीही व्यक्ती" असेच आहेत. मतदार असावा, मालक असावा, त्या प्रभागात राहणारा असावा, असं काही नाही. वयही लिहिलेलं नाही. गट नंबर तेवढा बरोबर घाला.

तालमीतला

मग सराव संपला की अर्जच लिहायला बसवतो सगळ्यांना. भाग नकाशाला अर्ज कुठल्या खिडकीला द्यायचा?